अर्ध्या कुंकवाचे दिवस

ताईच्या गालाचा पोपडा माझ्या तळहातावर पडला त्या सकाळी आमचे हे जंगलात जायला निघाले होते. गाडी अंगणात जुंपून उभी होती. मी आंघोळ करून ओसरीवर आले, भिंतीवरच्या चित्राचा कालचा हार काढला, आणि हाराच्या दोऱ्याला चिकटून एक तुकडा निघाला. धानाच्या टरफलाएवढा. एका बाजूने सावळा, दुसऱ्या बाजूने पांढरा. मी मूठ मिटली. बाहेरून यांनी विचारलं, "येऊ का मंग?" निघालेल्या माणसाला असलं काही सांगू नये म्हणून मी नुसती मान हलवली. गाडी गावाबाहेर वळेपर्यंत मूठ तशीच होती.

हे लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी होते. दिवाळी झाली की अहेरीच्या पलीकडे कटाईवर जात आणि होळीच्या सुमारास परत येत. तिकडचा ताप सगळ्या मुलखाला माहीत होता. दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरचा माणूस पिवळा होऊन येई, एखादा येतच नसे.

ताई म्हणजे यांची पहिली बायको, माझी सवत. मी तिला जिवंत पाहिली नाही. ती बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. ती नवी नवरी असताना सासऱ्यांनी नागपूरहून चित्रकार बोलावून तिचं चित्र काढवलं होतं, कापडावर, तेलाच्या रंगात. मी दोन्ही हात पसरले तर भरेल एवढं रुंद. तेव्हा घरात मालगुजारी होती आणि असल्या हौसेला जागाही होती. पुढे मालगुजारी गेली, सासरे गेले. चित्र मात्र ओसरीच्या भिंतीवर होतं तिथेच राहिलं.

आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक घालतात. माझ्या गळ्यात तो घातला नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या होत्या, "एवढी मोठी भितीवर बसून हाय, आनखी टाक कायले पाह्यजे?" टाकाच्या ऐवजी मला चित्राची सेवा मिळाली. रोज आंघोळ झाली की आधी तिच्या कपाळाला बोटाने मेण लावायचं, मेणावर कुंकू. मग त्याच करंड्यातलं माझ्या कपाळाला. आत्याबाई विधवा, त्यांना ते चालत नव्हतं. माझ्या आधी शेजारच्या काकू येऊन लावून जात. चित्राचं कपाळ एक दिवसही रिकामं राहू द्यायचं नाही, एवढं मला पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. का, ते सांगावं लागलं नाही. तिचा नवरा जिवंत होता, आणि तिचा नवरा तोच माझा नवरा होता.

गाडी गेल्यावर मी आत्याबाईंसमोर मूठ उघडली. त्यांनी तुकडा उजेडात धरून पाहिला.

"मले दिसत नाई काय," त्या म्हणाल्या. "बरसातीत कवेलू सरकले, भित ओली झाली, तवापासून फुगून राह्यली ते. पण पडाले आजचाच दिवस भेटला काय वो तिले?"

तुकडा मी करंड्याच्या झाकणात ठेवला.

मग रोज काही तरी पडू लागलं. पदराचा एक कण, कानाजवळचा एक. कुंकू लावायला बोट टेकवलं की कुंकवाखालचं कापड नगाऱ्याच्या सैल कातड्यासारखं आत जायचं. मी बोटाचा भार कमी केला, तर कुंकू नीट बसेना. कपाळावर इतक्या वर्षांच्या मेणाचा चांगला रुपयाएवढा जाड थर झाला होता, आणि त्याच्या कडेने बारीक चीर गेली होती.

धान कापून झालं आणि गावाची मंडई, म्हणजे जत्रा, आली. मंडईला नाटक असतंच. नाटकाचे पडदे वर्षभर गुंडाळून ठेवलेले असत, त्यांना उंदीर लागे, रंग उडे. ते नीट करायला एक पेंटर दर साली गावात येऊन राहायचा. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. तरुणपणी तो नागपूरला एका मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली होता आणि तिथे जुनी चित्रं दुरुस्त करायला शिकला होता, असं गावात म्हणत. आत्याबाईंनी त्याला बोलावून आणलं.

तो चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. मी दाराआड होते.

"आई, हे कशानं पुसता तुमी?"

"जवसाच्या तेलानं. दर दिवाळीले. कसं चमकते मंग."

"अन् भाजी कशात टाकता?"

"भाजीबी त्याच्यातच. दुसरं तेल कुठी आहे आपल्याकडे?"

तो हसला. "जवसाचं तेल हिले परकं नाई आई, हिचे रंग त्याच तेलात घोटले आहेत. पण वरून चोपडलं का ते सुकून साय धरते, अन् सायीत उदबत्तीचा धूर बसते."

"म्हणजे आमी तिले काळी केली."

"गोरी होती काय पहिले?"

"नाई गा. सावळीच होती."

"मंग एवढं काय बिघडलं नाई."

पण मागून कापडाला हात लावल्यावर त्याचं हसू गेलं. कापड कुजलं आहे, नवं कापड मागून लावावं लागेल, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नुसती चौकट उरेल, असं तो म्हणाला. आणि कुंकवाकडे बोट करून म्हणाला, "याचं पुढं पाहू."

ओसरीतच काम सुरू झालं. त्याने पतंगाचा कागद खळीने ताईच्या साऱ्या अंगावर चिकटवला, म्हणजे सुटलेला रंग जागच्या जागी धरला जावा. मग खिळे काढून कापड चौकटीवरून उतरवलं आणि चटईवर पालथं घातलं. मी ते पाहून आत गेले. चेहऱ्यावर कागद, आणि पालथी. मागून त्याने सरस आणि खळ लावून नवं मांजरपाट बसवलं. पितळी लोट्यात निखारे भरले आणि परीट इस्त्री फिरवतो तसा तो लोटा कापडावरून फिरवला. जळल्याचा वास येतो का म्हणून मी चुलीपाशी बसून सारखं हुंगत होते.

त्या सकाळी मी करंडा घेऊन ओसरीत आले आणि उभीच राहिले. आत्याबाईंना विचारलं, "आत्याबाई, आज कुंकू कुठी लावू?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग भिंतीकडे मान केली. "तिच्या खिळ्याले लाव."

मी पाटावर चढले आणि रिकाम्या भिंतीवरच्या खिळ्याला मेण लावलं, कुंकू लावलं. पेंटर खाली मान घालून लोटा फिरवत होता.

मला परक्या माणसाशी बोलायची सवय नव्हती. आमच्याकडे तशी रीतही नव्हती. पेंटरला काही विचारायचं तर मी आत्याबाईंना विचारायची, तो समोरच बसून ऐकत असे आणि उत्तरही त्यांनाच देत असे. त्या मध्ये बसून नुसत्या वाती वळत.

कागद कोमट पाण्याने निघाला, ताई पुन्हा उताणी झाली. रंग बसला होता. आता चेहरा पुसायचा होता. पेंटरने बारीक काडीला कापूस गुंडाळला, चूळ भरून तोंड धुतलं, काडी तोंडात घालून ओली केली आणि ताईच्या हनुवटीवर फिरवली.

आत्याबाईंच्या हातातली वात खाली पडली.

"थुकून राह्यला काय गा तू माह्या सुनेच्या तोंडावर?"

"आई, थुकीसारखी दुसरी दवा नाई याच्यावर. पाणी रंगाले खाते, साबण खाते. थुकी फक्त मळ उचलते. मोठमोठे चित्रकार असंच करते."

"करत असन. तू तंबाखू खाते."

"तोंड धुतलं ना."

"तंबाखू धुतल्यानं जाते काय? अन् परका माणूस. मेली असली तरी सवाशीण बाई आहे ते."

पेंटरने काडी खाली ठेवली. "मंग घरच्या बाईची चालन काय?"

आत्याबाईंनी पडलेली वात उचलून झटकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "लेकराच्या गालाचं काजळ माय थुकीनंच पुसते. बस वो तू."

अशी मी सवतीच्या चेहऱ्यापाशी बसले. काडी तोंडात घ्यायची, ओली करायची, नखाएवढ्या जागेवर हलक्या हाताने फिरवायची, कापूस काळा झाला की टाकून दुसरा गुंडाळायचा. पेंटर दुरून सांगायचा, "आई, त्यांना सांगा, घासू नका, नुसतं फिरवा." हनुवटी निघाली. मग ओठ. खालच्या ओठाला मध्ये बारीक चीर होती, थंडीत पडते तशी. कोणी तरी ती इतक्या बारकाईने काढली होती आणि मला इतकी वर्षं दिसली नव्हती. धूर निघाला, तेलाचा पिवळेपणा राहिला. तो तिच्यात मुरला आहे, त्याला छेडायचं नाही, असं पेंटरने सांगितलं. रोज थोडं थोडं करत मी गालांपर्यंत आले. डोळ्यांशी हात थांबायचा. त्याच्या वर कपाळ होतं, आणि कपाळाचं काय करायचं हे कोणीच अजून बोललं नव्हतं.

डाव्या गालावर काडी होती तेव्हा गाडीचा आवाज आला. आमची गाडी. होळीला पुष्कळ दिवस होते. गाडीवान एकटाच उतरला. त्याने पागोटं काढून हातात घेतलं, आणि ते पाहून आत्याबाई खांब धरून उभ्या राहिल्या.

"तसं नाई बाई, तसं नाई," तो घाईने म्हणाला. "मालक आहेत. ताप आहे त्याहिले. लई ताप. अहेरीच्या दवाखान्यात ठेवून आलो. डाक्तर म्हणे गाडीत हलवू नका. मालक म्हणे मायले सांग."

"बोलून राह्यला ना पण तो?"

"कधी बोलते, कधी भलतंच बोलते."

काडी माझ्या हातातच होती. ताईच्या कपाळाकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं, आणि मग दुसरं काही पाहता येईना.

आत्याबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं. सकाळी बैलांना विसावा मिळाला की त्याच गाडीने त्या अहेरीला जाणार होत्या. बांधता बांधता पेंटरला म्हणाल्या, "आता तिच्या कपाळाले कोणी हात लावाचा नाई. माह्या पोराचा ताप उतरू दे, मंग पाहू."

पेंटर चित्रापाशी उकिडवा बसला. "आई, खोटं सांगू काय तुमाले? तो मेणाचा थर सुटला आहे. खालून रंग त्याले चिकटून वर आला. मी नाई काढला तर तो आपला पडते. आज पडन, आठ रोजानं पडन."

"पडन?"

"पडनच."

आत्याबाई गाठोड्यापाशी बसल्या. काढलं तर आपण हाताने पुसलं, आणि ठेवलं तर एखाद्या सकाळी ते जमिनीवर सापडणार. यातलं कोणतं वाईट, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. त्या वाकून गाठोड्याची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. त्यांच्या मनगटाकडे पाहून मला सुचलं. विधवेचं मनगट, त्यावर काहीच नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हणाले. "कासार बांगड्या भरते, तवा जुन्या सगळ्या एकदम काढत नाई. एक ठेवते. नव्या चढल्या का मंग ते काढते. हात रिकामा होत नाई."

"मंग?"

"अर्धं काढू. तिथी नवं भरू. ते सुकलं का मंग दुसरं अर्धं."

आत्याबाईंनी पेंटरकडे पाहिलं. तो डोकं खाजवत होता.

"असं कोणी केलेलं पाह्यलं नाई मी," तो म्हणाला. "जोड दिसन मधात. पण होते. काऊन नाई होनार?"

"जोड दिसला तर दिसला," आत्याबाई म्हणाल्या. "पण कुंकू तू नाई लावाचं. रंग तुहा, हात हिचा."

त्यांच्यासमोरच पेंटरने चमचा तापवून थराजवळ धरला. मेण मऊ झालं. बांबूच्या पातळ कामटीने त्याने डावा अर्धा भाग अलगद उचलला. खाली रंग नव्हता. नुसतं जुनं कापड, विणीसकट. माझ्या आणि माझ्या आधी काकूंच्या बोटाने रोज थोडं थोडं करत कपाळ उगाळून टाकलं होतं, आणि उरलंसुरलं त्या थराबरोबर वर आलं होतं. उजव्या अर्ध्या कुंकवाकडे पाहून आत्याबाईंनी हात जोडले आणि सकाळी त्या गाडीत बसल्या.

मागे मी आणि पेंटर उरलो. सोबतीला काकू येऊन बसत, पण त्या ठार बहिऱ्या. आता मधे बोलायला कोणी नव्हतं. खडूची पूड सरसात कालवून पेंटरने कापडाचा खळगा भरला. तो किती वेळाने वाळेल हे मला विचारायचं होतं. शेवटी चित्राकडे पाहून म्हणाले, "ताई, हे कधी वाळन?"

पेंटरने मान वर केली. मग अगदी गंभीर तोंड करून तोही चित्राला म्हणाला, "ताई, त्यांना सांगा, उद्या सकाळपर्यंत वाळन. अन् तुमी कपाळाले आठ्या घालू नका."

पदर तोंडावर असल्यामुळे माझं हसू त्याला दिसलं नसेल. ताप कळल्यापासून मी पहिल्यांदा हसले, आणि लगेच भ्याले.

दुसऱ्या दिवशी त्याने आजूबाजूचा कातडीचा रंग जुळवला आणि शिंपल्यात लाल रंग काढून ब्रश ताईसमोर ठेवला. "ताई, त्यांना सांगा, बोटानं लावते तसंच. फक्त हळू." मी डावं अर्धं भरलं. करंड्यात पडून असलेला गालाचा तुकडा त्याने सरसाने त्याच्या जागी बसवला. तो इतका चपखल बसला की नंतर मला जागा सापडेना.

उजवं अर्धं करायच्या आतच नाटकाच्या माणसांचा निरोप आला. दुसऱ्या गावची मंडई होती, पडदे तिकडे न्यायचे होते. पेंटरने चित्र चौकटीला ठोकलं, खिळ्याला टांगलं. शिंपल्यात रंग, पुडीत खडू, सरसाचा खडा आणि एक ब्रश माझ्यासाठी ठेवला. "ताई, डावं पुरतं वाळल्याशिवाय उजव्याले हात लावू नका म्हना. अन् भेवू नका म्हना." वरून कुंकू लावायचं आता बंद, असंही बजावून गेला. मी रोजचं कुंकू खिळ्याला लावू लागले.

अहेरीहून काहीच कळत नव्हतं. बाजाराहून येणाऱ्या माणसांना काकू ओरडून ओरडून विचारायच्या आणि उत्तर त्यांना ऐकू यायचं नाही. ते मी दारातून ऐकायची. कोणी म्हणे माय पोहोचली. कोणी म्हणे त्या दवाखान्यातून दोन माणसं गेली, पण ती तिकडचीच. मी येता जाता चित्राकडे पाहायची. अर्धं नवं, चकचकीत. अर्धं जुनं, काळपट. डाव्या बाजूला बोट लावलं तर कोरडं लागत होतं. तरी मी उजव्याला हात लावत नव्हते. जसं आहे तसं राहिलं तर तिकडेही जसं आहे तसं राहील, असं काही तरी मनात धरून बसले होते.

एका सकाळी झाडताना वर पाहिलं तर उजव्या अर्ध्याची कड वाळल्या पानासारखी उचलली होती आणि वाऱ्याने हलत होती.

मग थांबता आलं नाही. मी चमचा तापवला. पाटावर चढले. कामटी नव्हती, खराट्याची काडी सोलून घेतली. थर माझ्या हातात आला, इतका हलका की काही धरल्यासारखं वाटेना. तो मी तुळशीत ठेवला. खालचं कापड इथेही उघडं होतं, फक्त खालच्या कडेला, दोन भुवयांच्या वर, थोडा जुना रंग राहिला होता. त्यात एक हिरवट ठिपका. मी डोळे जवळ नेले. गोंदण होतं. माझं आहे तिथेच, तेवढंच. आत्याबाईंनीही कधी सांगितलं नव्हतं, त्याही विसरल्या असतील.

खडू-सरस भरला, तो रात्रभर वाळला. सकाळी रंगाकडे पाहिलं तर शिंपल्यात त्याची साय धरून गोळा झाला होता. पेंटर तर कुठल्या कुठे. पण जवसाच्या तेलात हे रंग घोटतात, हे मी त्याच्या तोंडून ऐकलं होतं. मी चुलीजवळच्या बुधल्यातून तेल आणलं, शिंपल्यात ओतलं, काडीने घोटलं. रंग छान मोकळा झाला. गोंदण झाकू नये म्हणून मी खालची कड थोडी वर घेतली आणि उजवं अर्धं भरलं. पुरं झालं. उतरून मागे सरले, आणि पाहते तर लाल रंग हलत होता.

कुंकवाच्या खालच्या कडेला एक थेंब जमला. तो गोंदणावर आला, आणि तिथून नाकाकडे निघाला. मी पाटावर चढून बोटाने तो अडवला. बोट काढलं की पुन्हा. पुसावं तर कुंकू पुसलं जाणार. एका हाताचं बोट कपाळावर, दुसऱ्या हाताने मी चौकट उचलली. एरवी दोन माणसं लागतात. कशी उतरवली आठवत नाही. उतरवून जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा थेंब थांबला.

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

मी तिथेच बसून राहिले. ओसरीत मधोमध ताई उताणी निजवलेली, कपाळाला ओलं लाल, पायांची दिशा दाराकडे. माणूस गेल्यावर ठेवतात तशी. आणि गाडीत कोण आहे, किती जण आहेत, हे बाहेर जाऊन पाहायला मी उठत नव्हते.

"भाकरतुकडा आन वो," आत्याबाईंचा आवाज आला. "उंबऱ्यात उभं करून ठेवतो काय त्याले?"

मी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेले. हे गाडीवानाच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. डोळे आत गेलेले, गाल हाडाला लागलेले. मी तुकडा ओवाळला. आत्याबाईंनी माझा हात पाहिला. बोटांपासून मनगटापर्यंत लाल होता. त्यांनी लगेच माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्या मागे ओसरीत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. ओलं आहे."

यांनीही पाहिलं. "हिले खाली काऊन निजवलं?"

मी तांब्यातलं पाणी यांच्या पायांवर घातलं. आत्याबाईच म्हणाल्या, "तुह्याइतकीच बिमार आहे ते. चाल, आत हो."

ताप उतरला होता, पण गेला नव्हता. एक दिवसाआड थंडी वाजून येई. यांची खाट ओसरीतच टाकली, उजेडाला. ताई खाटेशेजारी फळीवर आडवी. मला दोघांचं करावं लागे. यांना तापावरचं कोयनेल द्यायचं, घाम पुसायचा, पेज भरवायची. तिच्यावर माशी बसू द्यायची नाही, धूळ उडू द्यायची नाही. ओसरी झाडणं मी बंद केलं, ओल्या फडक्याने पुसत असे. डावं अर्धं वाळून दगड झालं होतं, उजवं तसंच. स्वयंपाकाचं तेल कच्चं, ते इतकं उशिरा वाळतं हे मला नंतर कळलं. तेव्हा मी वेगळाच अर्थ लावत होते. थंडी भरून यांचे दात वाजू लागले की मी खाटेकडे न पाहता फळीकडे पाहायची. उन्हात तिरपं पाहिलं की उजव्या भागावर पाण्यासारखी चमक असे. ती चमक जात नव्हती.

एका दुपारी, ताप नसलेल्या दिवशी, हे कुशीवर वळून बराच वेळ चित्राकडे पाहत पडले होते.

"गोंदण होतं तिले," ते म्हणाले. "मी इसरलोच होतो."

मी पेज ढवळत होते. ढवळतच राहिले. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

पुढे थंडी एक पाळी चुकली. मग आणखी एक. हे भिंतीला टेकून बसू लागले. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती, त्यांचा वास ओसरीत येऊन राहिला होता. मी भांडी घासून आले तर हे खाटेच्या कडेला बसून पुढे वाकले होते, आणि त्यांचा हात ताईच्या कपाळाकडे चालला होता. मी ओरडणार तोच त्यांनी कुंकवावर बोट टेकवलं, उजव्या बाजूला, चांगलं दाबून. मग ते बोट वर करून उजेडात धरलं.

"वाळलं," ते म्हणाले, आणि बोट मला दाखवलं. बोटाला काही लागलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "भात टाकला काय?"